मांडवाखालचे बकरीवाले

विरळणी सुरू झाली की माझी मान वर जाते आणि हंगाम सरेपर्यंत खाली येत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहायचं, डोक्यावर लोंबणारा घड डाव्या हातात अलगद धरायचा आणि उजव्या हातातल्या टोकदार कात्रीनं त्यातले जादा मणी उडवायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. कच्, कच्, कच्. पानांवरचं दव बाहीतून कोपरापर्यंत उतरतं, कच्च्या मण्यांचा तुरट वास बोटांना चिकटतो आणि दुपारपर्यंत मानेचा पार दगड होतो. तरी सांगते, वर्षभरात मला सगळ्यात आवडतो तो हाच हंगाम. लोक द्राक्षं खायला येतात तेव्हा फोटो काढतात, पण द्राक्ष खरं घडतं ते या थंडीत, कात्रीखाली, आणि तेव्हा फोटो काढायला कुणी फिरकत नाही.

आमची बाग निमगाव सावाला. वडील, आमचे अण्णा, गेल्यावर भाऊ म्हणाला, विकून टाकू. मी म्हणाले, तू पुण्यात नोकरी कर, बाग मी बघते. तेव्हापासून बघतेच आहे. विरळणीला बायका येतात त्या तळेघरच्या. तिकडे भात झोडून झालं की त्या डोंगर उतरतात, हंगामभर आमच्या शेतावरच्या खोल्यांत राहतात आणि काम संपलं की परत वर जातात. त्यांची मुकादम ठकूबाई. ती पहिल्यांदा आली तेव्हा नवी नवरी होती आणि मी कॉलेजातली पोरगी. आता ती सुना घेऊन येते आणि मला अजून ‘ताई’च म्हणते.

विरळणीला गाणं लागतंच. घाई केली की चांगला मणी कात्रीत जातो आणि रेंगाळलं की दिवस जातो, म्हणून हाताला चाल देणारं काहीतरी कानावर हवं. आता प्रत्येकीच्या कनवटीला मोबाईल आहे आणि बागेत एका वेळी सात गाणी वाजतात. पूर्वी एकच वाजायचं. ते कोणतं, हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे. एरवी या दिवसांत मी पेन हातात धरत नाही, बोटं कात्रीच्या आकाराची झालेली असतात.

यंदा झालं असं की माझा भाचा यश पुण्याहून आपला अख्खा बँड घेऊन बागेत येऊन राहिला. गिटारवाली दोन पोरं, स्वतः यश गायला आणि ड्रमवर जुन्नरची सना. पुण्यात सोसायटीवाले त्यांना हाकलून लावतात. माझं पॅकिंग शेड काढणीपर्यंत रिकामंच असतं. ‘या आणि करा काय कल्ला करायचा तो,’ म्हटलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला. शेजारी भांडायला आला, मी त्याला चहा पाजला.

पोरं गुणी, पण तोरा भारी. त्यांच्या मते रॉक सुरू झालं ते ती आठवीत होती तेव्हा. त्याआधी सगळी माणसं बहुधा टाळ्या वाजवून दिवस काढत होती. रोज जेवताना मला नव्या बँडांची नावं ऐकवायची, कानात ते इअरफोनचं बोंडूक घालायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

‘आत्या, हे तुला झेपणार नाही. हेवी आहे.’ यश म्हणाला.

माझं डोकं फिरलं. ‘हेवी? अरे, मी बकरीवाले ऐकून मोठी झालेय. तुझे हे सगळे बँड एका पारड्यात घाल, बकरीवाल्यांचा नुसता ड्रम दुसऱ्या पारड्यात ठेवते.’

‘बकरीवाले?’ चौघंही हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. आणि मी ठरवून टाकलं की या पोरांना बकरीवाले ऐकवल्याशिवाय हंगाम सरू द्यायचा नाही. खरं सांगायचं तर पोरांपेक्षा मलाच ते ऐकायचे होते. इतक्या वर्षांत ते गाणं माझ्या डोक्याबाहेर कुठंच वाजलं नव्हतं. कॉलेजात, नात्यात, बाजारात मी कितीजणांना विचारलं, कुणी ऐकलेलं निघेना. कधीकधी वाटायचं, थंडीत मान वर करून करून मी आणि ठकूबाईनंच ते कल्पनेत ऐकलं की काय.

तर बकरीवाले.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक परदेशी टेपरेकॉर्डर होता. त्याची मोटर जळाली तेव्हा अण्णा तो जुन्नरला सलीमचाचांकडे घेऊन गेले. चाचांनी कुठल्यातरी दुसऱ्या मशीनची मोटर काढून त्यात बसवली आणि म्हणाले, ‘मोटर परकी हाय, पर चालंल.’ चालला. मांडवाच्या खांबाला टांगला, पंपाच्या खोलीतून वायर ओढली आणि अण्णांनी मोठ्या हौसेनं सिनेमातली गाणी लावली. नायिका पुरुषासारखी गाऊ लागली. लग्नाचं गाणं दहाव्याला लावल्यासारखं वाजलं. आरती लावली तर एका ओळीत कापराची वडी जळून जावी. बायका आधी हसल्या, मग वैतागल्या. ठकूबाई कात्री थांबवून म्हणाली, ‘ताई, ही बाई आजारी हाय का वो?’

अण्णांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. ‘मशीन परदेशी हाय. त्याला आपली गाणी मानवत न्हाईत.’

हा निकाल आम्ही सगळ्यांनी मान्य केला. मी विज्ञान शाखेत होते, तरीही. परदेशी पाहुण्याला आपलं तिखट सोसत नाही तसंच हे, असं वाटून गेलं आणि कुणी पुढे विचार केला नाही.

पुढच्या बाजाराला अण्णा बैल बघायला बेल्ह्याला निघाले, मी टेम्पोत त्यांच्याबरोबर. बाजारपेठेत मोतीशेठचं दुकान होतं. मारवाडातून कधीकाळी आलेलं जैन घर, पण बोलणं आमच्यासारखंच. दुकानात भांडी, छत्र्या, बॅटऱ्या आणि एका फळीवर कॅसेटी. मी त्यांना आमच्या मशीनचं दुखणं सांगितलं. त्यांनी ते वैद्यासारखं शांतपणे ऐकलं आणि गल्ल्याखालून एक खोकं पायानं पुढे ढकललं. कुठल्यातरी मालाबरोबर आलेल्या इंग्रजी कॅसेटी, कुणी हात न लावलेल्या. ‘परदेशी मशीनला परदेशी गाणी. घिऊन जा पोरी, लई दिस जागा आडवून बसल्यात.’

खोकं आधी बरीच वर्षं उन्हात राहिलं असणार, कारण कॅसेटींवरची नावं पार उडाली होती. चित्रं तेवढी धूसर दिसत. म्हणून आम्ही चित्रांवरून नावं ठेवली. एकीवर पत्र्याच्या छपरावर उभी असलेली बकरी होती, ते बकरीवाले. एकीवर घोंगडी पांघरून रस्त्यात बसलेला माणूस, ते घोंगडीवाले. आणि एकीवर पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन बाया, त्या जावा-जावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाखाली बकरीवाले लावले. आधी नुसती गिटार. थंडीत ट्रॅक्टर चालू होताना घशातल्या घशात घुमतो ना, तसा आवाज. मग ड्रम. एक ठोका पडायचा आणि दुसरा पडेल की नाही अशी शंका यावी इतक्या उशिरा दुसरा पडायचा. मग खोल विहिरीच्या तळातून यावा तसा एका माणसाचा आवाज. काय म्हणत होता देव जाणे. आमच्या अंगावर काटा आला. माझी कात्री आपोआप त्या ठोक्यावर पडायला लागली, शेजारणीची पडायला लागली, आणि थोड्या वेळानं सगळी ओळच्या ओळ एका चालीत कच् करत होती. ठकूबाई म्हणाली, ‘आता कसं! ह्यो बाबा कुटं पळून जात न्हाई.’

त्या गाण्यात शेवटाकडे एक जागा होती. सगळं वाजणं एकदम थांबायचं. टेप अडकली असं वाटून पहिल्या दिवशी मी धावत मशीनकडे गेले होते. मशीनला हात लावते तोवर सगळं एकदम कोसळलं, गिटार, ड्रम, तो विहिरीतला बाबा, सगळं. बायका खदाखदा हसल्या. त्यानंतर रोज त्या जागेवर सगळ्या कात्र्या थांबायच्या. माना वर, हात वर, बागेत फक्त दव टपटपायचं. आणि ड्रम कोसळायच्या नेमका आधी ठकूबाई ओरडायची, ‘हां, आता!’ मग सगळ्याच ओरडायला लागल्या. कधी कुणाचा अंदाज चुकला नाही.

चांगल्या गोष्टींचा शेवट आमच्याकडे कामाच्या गोष्टींत होतो. पुढं मशीन कायमचं बसलं, कॅसेटींची टेप बाहेर आली आणि द्राक्षं पिकायला लागल्यावर अण्णांनी ती मांडवावर ताणून बांधली. चकाकणारी ती काळी फीत वाऱ्यात गुणगुणायची, पाखरं लांब राहायची. बकरीवाल्यांचा शेवटचा कार्यक्रम साळुंक्यांपुढे झाला.

आता यंदाचं. यशनं माझं बोलणं मनावर घेतलं, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. जुन्या संगीताचा नाद असलेली माणसं इंटरनेटवर एकमेकांशी गप्पा मारत बसतात म्हणे. तिथं त्यानं पत्र्यावरच्या बकरीचं वर्णन टाकलं आणि कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थानं गाणं धाडून दिलं. बँडला खरं नावही आहे. ते मला नीट उच्चारता येत नाही आणि उच्चारायचंही नाही. त्यांची ही एकच कॅसेट निघाली, कुणी ऐकली नाही, मग सगळे आपापल्या कामाला लागले.

दुपारच्या जेवणाला शेडमध्ये सगळ्या जमल्या होत्या. बायकांनी भाकऱ्या सोडल्या होत्या. यशनं मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं आणि मी डोळे मिटले.

टिकटिक टिकटिक असं काहीतरी सुरू झालं. गिटार पातळ, ड्रम घाईत, आणि गाणारा कुणी कोवळा पोरगा, शाळा सुटल्यावर घरी पळत निघाल्यासारखा. मी डोळे उघडले. सूर तोच होता, वळणं तीच होती, पण त्यात माझं काहीच नव्हतं.

‘छान आहे आत्या,’ यश म्हणाला. मग जरा थांबून, ‘क्यूट आहे.’

क्यूट! हसला असता तर चाललं असतं. इतकी वर्षं जे उराशी धरलं ते हे? माझं तरुणपण एवढंसं होतं? पोरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. सनानं पुढे होऊन आवाज कमी केला, आणि तिचा तो चांगुलपणा मला सगळ्यात जास्त लागला.

तेवढ्यात ठकूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, ‘ताई, ह्ये आपलंच हाय की. पर ह्ये पळतंय का?’

‘म्हणजे?’ सनानं विचारलं.

‘आपलं चालायचं. लई सावकास. ह्याच्या मागं काय कुत्रं लागलंय का?’

सनानं जवळचा क्रेट पुढे ओढला. ‘मावशी, तुमचं कसं होतं ते वाजवून दाखवा ना.’

ठकूबाईनं भाकरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि क्रेटवर तळहात मारला. धम्. आणि थांबली. इतकी थांबली की यशला वाटलं विसरली. मग दुसरा. धम्.

‘आत्या,’ सना म्हणाली, ‘तुमचं मशीन हळू चालत होतं.’

आणि मला सलीमचाचा आठवले. परकी मोटर आठवली, पुरुषासारखी गाणारी नायिका आठवली, कापराची वडी आठवली. मशीनला आपली गाणी न मानवायला काहीही झालं नव्हतं. ते सगळ्यांनाच हळू वाजवत होतं. फरक इतकाच की सिनेमाची गाणी आम्हाला माहीत होती आणि बकरीवाले माहीत नव्हते. जगात ते पळत होते, आमच्या मांडवाखाली तेवढे चालत होते. मी एवढ्या मोठ्यानं हसले की बायका दचकल्या. (सना ही सलीमचाचांची नात नाही. लेखात असं जुळवून आणलं की मला राग येतो.)

सनानं लॅपटॉप उघडला आणि गाण्याचा वेग उतरवला, असा की आवाजही बरोबरीनं खाली येईल. ठकूबाई बाजूला बसून ‘आजून... आजून... बास, बास!’ करत होती. आणि शेडमध्ये ट्रॅक्टर घशातल्या घशात घुमला. विहिरीतला बाबा परत आला. माझ्या अंगावर तोच काटा, त्याच जागी. गिटारवाल्या दोघांपैकी एकजण नकळत उभा राहिला होता. यशचं तोंड उघडं होतं. ‘आत्या,’ तो म्हणाला, ‘हे... हे तर राक्षस आहे.’

‘क्यूट राक्षस,’ मी म्हणाले. सोडते की काय!

गाणं निम्म्यावर आलं तोच बागेतून हाक आली की पाण्याची लाईन फुटली, आणि मी पळाले. बायकाही कामाला लागल्या. पण पोरांनी ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शेडमधून त्यांच्या नव्या गाण्यांऐवजी बकरीवाल्यांची तालीम ऐकू यायला लागली, आणि तीही आमच्या वेगात; शेवटाकडचा भाग मात्र पोरं रात्री दार लावून, हळू आवाजात बसवायची. म्हशीनंसुद्धा पान्हा सोडला. हळू वाजलेलं तिलाही मानवलं असावं.

म्हणून नवं रॉक ऐकणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. तुम्हाला जे बँड भिंत कोसळल्यासारखे वाजतात म्हणून आवडतात, त्यांच्या आधी बकरीवाले ऐका. तुमचे ते हळवे, ओठातल्या ओठात गाणारे असतील, तर घोंगडीवाले शोधा. तो माणूस रडत नाही, पण ऐकणाऱ्याला पदर शोधावा लागतो. आणि बायकांच्या बँडांचं तुम्हाला आज अप्रूप वाटतं, तर जावा-जावांचं भांडण ऐका. दोघींना एकमेकींचं पटत नाही हे भाषा न कळताही कळतं आणि दोघी एकमेकींशिवाय गाऊ शकत नाहीत हेही. माझ्याकडे त्यांची नावं नाहीत. पण तुमच्या गावातही कुठल्यातरी गल्ल्याखाली एखादं खोकं पडलेलं असेलच. ते चालले नाहीत म्हणजे वाईट होते असं समजू नका. पुष्कळ गोष्टी चालत नाहीत त्या फक्त योग्य माणसाच्या हाती पडल्या नाहीत म्हणून. आणि हो, एकदा ऐकून पटलं नाही तर वेग बदलून बघा. गाण्याचा, नाहीतर स्वतःचा.

विरळणीची शेवटची ओळ संपते त्या दिवशी आमच्याकडे मासवडीचं जेवण असतं. मालकिणीनं स्वतः वाढायचं, ही अण्णांपासूनची रीत. यंदा जेवणं झाल्यावर पोरांनी शेडमध्येच बाजे मांडले. समोर तळेघरच्या बायका, रश्शानं नाकं लाल झालेल्या. त्यात ठकूबाईसारख्या जुन्या तीन-चारच. बाकीच्या सगळ्या सुना, पोरी, ज्यांनी आमचं ते मशीन कधी बघितलंसुद्धा नव्हतं. पान्हा चोरल्याबद्दल भांडायला आलेला शेजारीही दारात उभा होता.

मी पोरांना त्या थांबण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. गाण्यात जागा होतीच, सनानं ती बसवली होती. पण आमच्या वेगात ती जागा केवढी मोठी होते ते पोरांना माणसांसमोर उभं राहिल्यावर कळणार होतं. मी कोपऱ्यात हात बांधून उभी होते.

सनानं पहिला ठोका दिला. मग दुसरा, उशिरानं. यशनं आवाज खाली, आणखी खाली नेला. भाच्याच्या गळ्यात विहीर आहे हे मला माहीत नव्हतं. पत्रे थरथरत होते. आणि गाणं त्या जागेवर येऊन थांबलं.

शांतता पडली. गिटारवाल्यानं घाबरून सनाकडे बघितलं. सनाच्या काठ्या वर होत्या. मी ठकूबाईकडे बघितलं. तिचा हात वर गेला होता, बोटं कात्रीची, मान छपराकडे. आणि तिच्यामागं सगळ्यांचे हात वर होते. जुन्यांचे होते, तसे सुनांचेही. ज्या पोरी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांचे हात वर होते, बोटं कात्रीची, माना छपराकडे.

‘हां, आता!’

सगळ्या एकदम ओरडल्या आणि सना इतकी दचकली की ड्रम कोसळला तो तिच्या हातून की त्यांच्या तोंडून ते सांगता येणार नाही. शेड हादरलं. शेजारी दारातच ओरडला, ‘आयला, राव!’ यश गाता गाता हसत होता, हसता हसता गात होता, आणि मी रडत होते, कशाला लपवू.

संपल्यावर मी ठकूबाईच्या थोरल्या सुनेला धरलं. ‘तुला कसं गं ठाऊक? तू कुठं ऐकलंस?’

ती सासूकडे बघून लाजली. ‘आत्याबाई नाचणी खुडताना म्हणत्यात की रोज. आमी समद्याच म्हणतो. ह्या जागंला थांबायचं आन् मग हां आता.’ आणि माझ्याकडे जरा नवलानं बघत म्हणाली, ‘ह्ये आमचं तळेघरचंच गानं हाय ना वो? ह्या पोरांना कुनी शिकावलं?’